मार्क येईपर्यंत जोडीशेजारी बसलेली ती बाई कोण?

प्रश्न : ऑलिंपिकमधला आइस डान्स, म्हणजे बर्फावर स्केट्स घालून जोडीने केलेला नाच, मी न चुकता बघते. डान्स संपला की जोडी मार्कांची वाट बघत बसते ना, तिथे शेजारी बरेचदा एकच बाई दिसते, कधी कॅनडाच्या जोडीबरोबर, कधी फ्रान्सच्या, कधी अमेरिकेच्या. ही कोण? आणि हिला स्वतःला कधी ऑलिंपिक मेडल मिळालंय का? – एक वाचक

उत्तर : तुमची नजर पक्की आहे हो! ती मारी-फ्रान्स दुब्रॉय, कॅनडाची, आणि बरेचदा जवळपासच तिचा नवरा पात्रीस लोझाँ पण असतो. दोघं आधी आइस डान्समधले पार्टनर, लग्न नंतर, 2008 मध्ये. पाच वेळा कॅनडाचे चॅम्पियन. पण ऑलिंपिक मेडल? नाही, एकही नाही, आणि ती गोष्ट आठवली की मला अजून वाईट वाटतं.

2006, तुरीन. आइस डान्सची लिफ्ट, म्हणजे पार्टनरला उचलणं. पेअर स्केटिंग या जोडीच्या दुसऱ्या प्रकारासारखं इथे डोक्यावर उचलायचं नसतं, हात डोक्याच्या वर न्यायचेच नाहीत, मग सगळी मजा पकडीत आणि वेगात. तो स्वतः गरागरा फिरतोय, ती त्याला धरून आडवी, जवळजवळ हवेत, आणि पकड सुटली. एवढ्या वेगात ती थेट बर्फावर आपटली. दुसऱ्या दिवशीचा फ्री डान्स, म्हणजे स्पर्धेचा शेवटचा भाग, सोडून द्यावा लागला, ऑलिंपिक तिथेच संपलं. आणि बघा, जेमतेम महिन्याभराने कॅलगरीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला दोघं उभे, आणि सिल्व्हर! पुढच्या वर्षी टोकियोत परत सिल्व्हर.

मग कोचिंग. मॉन्ट्रियलला त्यांची अकादमी, बरोबर तिसरा कोच रोमँ हागेनोअर, जो 2014 मध्ये फ्रान्सहून त्याच्याकडे शिकणारी जोडी घेऊनच आला, पापाडाकिस आणि सिझेरों. त्या वर्षी वर्ल्डला ही जोडी तेरावी होती आणि 2015 ला थेट पहिली, मी तेव्हा निकाल दोनदा वाचला होता खरं सांगते. 2018 च्या ऑलिंपिकला तर गोल्ड कॅनडाच्या वर्च्यू-मॉयरला, सिल्व्हर पापाडाकिस-सिझेरोंला, फरक एका मार्काचाही नाही, आणि दोन्ही जोड्या एकाच रिंकवर एकाच कोचकडे शिकणाऱ्या. 2022 च्या बीजिंगमध्ये 23 पैकी 11 जोड्या मॉन्ट्रियलच्या होत्या, म्हणून तुम्हाला सारखी तीच दिसत होती.

आता मेडल नसलेल्या माणसाकडे चॅम्पियन का जातात म्हणाल, तर माझं मत सांगते. स्केटचं पातं असतं चार-एक मिलिमीटरचं, मध्ये खाच आणि दोन्ही बाजूंना धार, आणि आइस डान्स म्हणजे कुठल्या धारेवर किती कललात हाच सगळा खेळ, इथे मोठ्या उड्या नाहीतच लपायला. गुडघा नीट वाकला नाही तर धार उथळ, वेग गेला, पार्टनरपासून अंतर पडलं. हे दिसायला मेडल लागत नाही, वर्षानुवर्षं तेच केलेला डोळा लागतो आणि शिकवायची खरी आवड लागते, जी मोठमोठ्या चॅम्पियन्सकडे पण नसते कधीकधी.

स्कॉट मॉयरकडे मात्र दोन्ही आहे बरं का. ऑलिंपिक गोल्ड घेऊन रिटायर झाला आणि आता त्याच अकादमीच्या ऑन्टारिओतल्या शाखेत कोच आहे, म्हणजे मार्कांची वाट बघणाऱ्या जोडीशेजारी आता तोही दिसेल तुम्हाला.