लहान आरसा, मंद प्रकाश

प्रश्न : हबल या अवकाश दुर्बिणीच्या आरशाचा व्यास २.४ मीटर, तर आपल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीचा जेमतेम ३८ सेंटीमीटर. तरीही हबलला न गवसलेला प्रकाश तिने टिपला, हे कसे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अतिशय मंद प्रकाश शोधताना आरशाच्या आकाराइतकेच महत्त्व प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाचा स्वतःचा गोंगाट, म्हणजे प्रकाश नसतानाही त्यात उमटणारे खोटे संकेत, किती कमी आहे, यालाही असते. २०१५ मध्ये सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील संवेदक प्रकाशाचा एकेक कण सुटा मोजतो, आणि त्याचा गोंगाट हबलच्या मानाने फारच कमी आहे. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तासांहून अधिक काळ घेतलेल्या निरीक्षणांत एका दीर्घिकेचा अतिनील प्रकाश सापडला, तो तिथून निघाला सुमारे ९.३ अब्ज वर्षांपूर्वी. बारकाईने पडताळणी करून हा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

वातावरण हे किरण अडवत असल्याने पन्हाळ्यावर कितीही मोठी दुर्बीण उभारली तरी ते दिसले नसते. मात्र यावरून हबलला कमी लेखणे गैर ठरेल : ही दीर्घिका हबलने अत्यंत सखोल छायाचित्रण केलेल्या क्षेत्रातच आहे, आणि तिची ओळख पटवताना त्याच सुस्पष्ट छायाचित्रांचा आधार घ्यावा लागला.