एंडोस्कोपीआधी घसा बधिर करणारा स्प्रे घ्यावा का? त्याच्याशिवाय जमतं का?

घ्या. न घेताही जमतं, नाही असं नाही. दाढसुद्धा भूल न देता उपटता येते.

हा विषय आमच्या मालवणच्या घरी दर गणपतीत निघतो. आरती आटोपली, माणसं ओटीवर टेकली की माझे चुलत दीर आपली दादरची एंडोस्कोपी सुरू करतात. "स्प्रेबिप्रे काय नाय, तशीच घातली नळी, मी हूं का चूं केलं नाय." मग नजर माझ्याकडे, कारण मी स्प्रे मागून घेतला होता.

मागून म्हणजे अक्षरशः अडून. आंबट पाणी वर यायचं, गोळ्यांना दाद देईना, म्हणून जिल्ह्यातल्याच एका दवाखान्यात गेले. तिथली नर्स म्हणाली, "दोन मिनिटांचं काम, कशाला हवाय?" मला दात घासताना ब्रश जरा मागे गेला तरी ओकारी येते. मी आडवी व्हायलाच तयार होईना. शेवटी डॉक्टरांनी येऊन मारला. त्यातलं बधिर करणारं औषध लिग्नोकेन, १० टक्के, एका दाबाला १० मिलिग्रॅम. कडूजहर. मिनिटभरात घसा जाड होतो, थुंकी गिळली की नाही तेच कळत नाही, आणि वाटतं की श्वास अडकला. इथेच लोक घाबरून उठून बसतात. श्वास चालूच असतो, फक्त घशाला त्याची जाणीव होत नाही. नाकाने सावकाश घेत राहायचा, डाव्या कुशीवर पडून लाळ खुशाल गळू द्यायची. नळी घशातून उतरताना मला एकदाच उबळ आली. पुढे पोटात हवा भरतात त्याचं फुगणं आणि ढेकर आहेतच, पोटाला काही स्प्रे बधिर करत नाही.

बाहेर आले तर सासूबाई थर्मासातली गरम पेज घेऊन हजर. "वाईच घे गो, सकाळपासून उपाशी आसस." मी नको म्हटलं. सोबत आलेले दीर म्हणाले, "निदान पाणी तरी पी, पाण्याने काय होतंय?" होतं! घसा बधिर असताना गिळलेलं श्वासनळीत उतरू शकतं, आणि पेजेने तोंड पोळलं तरी पत्ता लागत नाही. अर्धा ते एक तास थांबायचं, मग गार पाण्याचा एक घोट, ठसका लागला नाही तर पुढचं.

आता चुलत दिरांच्या शौर्याबद्दल. त्यांची तपासणी झाली पासष्टी उलटल्यावर. वयाबरोबर घशाची संवेदना कमी होते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना नळी तरुणांपेक्षा सोपी जाते. ओकारी ही आपोआप होणारी क्रिया आहे, तिथे धीर कामाचा नाही. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणतात, "तू मोबाइलवर वाचतंस."

हां, झोपेचं इंजेक्शन देऊन करणार असतील तर स्प्रेचा फायदा कमीच, तेव्हा डॉक्टर नको म्हणाले तर अडून बसू नका. पण मग सोबत माणूस हवं आणि २४ तास गाडी चालवायची नाही. नुसत्या स्प्रेवर मी एसटीने घरी आले. दाताच्या वगैरे भुलीने पूर्वी त्रास झाला असेल, फिट्स येत असतील, हृदयाच्या ठोक्यांचा किंवा यकृताचा आजार असेल तर स्प्रे मारण्याआधी सांगा. आणि "अजून दोन मारा" म्हणू नका, ते औषध रक्तात जातं.