गावरान टोमॅटो चार दिवसांत मऊ पडतो, संकरित पंधरा दिवस कडक राहतो. त्यावर औषध मारतात का?

कराडच्या बाजारातून एकाच दिवशी दोन्ही आणले आणि असा फरक पडला, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही वाळवा तालुक्यात टोमॅटो करतो, म्हणून खात्रीने सांगतो: हा कडकपणा फवारणीचा नाही, बियाण्याचा आहे.

टोमॅटो पिकायला लागला की स्वतःच इथिलीन वायू तयार करतो. त्याने रंग चढतो, वास सुटतो आणि पेशींच्या भिंतींतलं पेक्टिन तुटून फळ मऊ पडतं. हे सगळं चालू करणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणजे ‘रिन’. त्यात बिघाड असलेली झाडं १९६०च्या दशकात सापडली. बिघाड आई-बाप दोन्हींकडून आला तर फळ पिवळट राहतं, लाल होतच नाही, आणि कितीतरी आठवडे तसंच टिकतं. खायला मात्र बेचव. एकाच बाजूने आला तर फळ लाल होतं, पण सावकाश. जगातले बरेच टिकाऊ संकरित वाण या अर्ध्या बिघाडावरच चालतात. म्हणून अशा वाणाचं बी घरी धरू नये. पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक झाड न पिकणारं निघतं.

दोन्ही टोमॅटो आडवे कापून बघा. गावरानात कप्पे जास्त, गर पातळ, सगळा रसच. संकरितात बहुतेक वेळा दोन-तीन कप्पे आणि जाड गर. तोही आनुवंशिक गुण, आणि क्रेटमध्ये माल दबत नाही तो त्याच्यामुळे.

अमेरिकेत १९९४ साली पेक्टिन तोडणारं एक विकर दाबून ‘फ्लेवर सेव्हर’ नावाचा जनुकबदल केलेला टोमॅटो विकायला आणला होता. तो फारसा चालला नाही. फळ मऊ करायला एकटं ते विकर पुरत नाही. आपल्याकडे असा टोमॅटो विक्रीला नाहीच. तुम्ही खाताय तो साध्या संकराचा.

चवीचं म्हणाल तर तुमची तक्रार रास्त आहे. इथिलीनला लगाम घातला की वासही कमी होतो. शिवाय सगळीकडून एकसारखा लाल होणारा टोमॅटो हवा म्हणून देठाजवळचा हिरवा पट्टा निवडीत घालवला गेला, आणि त्या हिरवेपणाबरोबर थोडी साखरही गेली. हे २०१२ साली जनुकापर्यंत जाऊन सिद्ध झालं. मला हे फार लागतं, पण मुंबईला माल पाठवायचा तर कडक वाणाशिवाय आम्हाला इलाज नाही.

तुम्ही घरी खायला देठाशी हिरवट असलेला गावरान घ्या, दोन-तीन दिवसांपुरताच. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, १२ अंशांच्या खाली त्याचा वास मरतो.