कडा शोधताना डबकं आणि दरी वेगळी ओळख

चालकाविना चालणाऱ्या गाडीला रस्त्याची कडा ओळखायला शिकवताना नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर विसंबू नकोस. पावसाळ्यात घाटात त्या चिखलाखाली जातात, मग कॅमेऱ्याला काय दिसणार? शहरातला कर्ब, म्हणजे फुटपाथची उंच कड, सोपा: लायडारच्या (लेसर सोडून परत येणाऱ्या किरणांवरून अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या) बिंदूंची उंची एकदम दहा-पंधरा सेंटिमीटरने चढते. खरी परीक्षा खचलेल्या साइडपट्टीची. तिथे बिंदूच गायब होतात. पण साचलेल्या पाण्यावर पडलेला लेसरही पुढे निसटतो, परत येत नाही. म्हणजे डबकं आणि दरी डेटात जवळपास सारखीच! म्हणून एका फ्रेमवर निर्णय नको. मागच्या काही फ्रेम जोडून कडेची रेषा बसव. तरी शंका राहिली तर दरीच धर. डबक्याला दरी समजलं तर गाडी हळू होईल, एवढंच. उलट झालं तर माणसं जातील. आणि रात्री, भर पावसात, स्वतः जाऊन डेटा गोळा कर.