घोरत होता, म्हणून झोपू दिलं

“ताई, मित्राला दवाखान्यात नेलं तर आमच्यावर पोलीस केस होते का?” कॉलेजात व्यसनांवर बोलायला गेले की हा प्रश्न सभागृहात कुणी विचारत नाही, जिन्यात गाठून विचारतात. मग मी हे प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

तिघं एका खोलीत राहायचे. एक जण दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, गर्द (हेरॉईन) सुटलं म्हणून बाकीच्या दोघांनी बिर्याणी आणली. आठवड्याभरात त्यानं पुन्हा ओढलं, आणि तेही पूर्वीइतकंच. घात तिथे झाला. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस झेपत नाही. केंद्रातून परतल्यावरचे पहिले आठवडे म्हणून फार जपायचे. हे घरच्यांनाही कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

रात्री तो घोरू लागला. घशात पाणी अडकल्यासारखं घर्र घर्र, मध्येच बंद, मग पुन्हा. “उतरेल सकाळपर्यंत,” एक म्हणाला. दुसऱ्यानं लिंबू पिळून आणलं. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा.) मोबाइलच्या उजेडात ओठ निळसर दिसले, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तरी वीस मिनिटं वाद चालला. पोलीस? घरमालक? त्याची आई? शेवटी १०८ लावला.

कॅज्युअल्टीत नॅलॉक्सोन, म्हणजे गर्दचा असर उतरवणारं औषध, दिलं तसा श्वास सुधारला. या औषधाचा असर तासाभरात ओसरू शकतो आणि गर्द पुन्हा डोकं वर काढतं, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

आता पोलिसांचं. रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करू शकतं, पोलीस विचारपूस करू शकतात. खोटा दिलासा मी देत नाही. पण एमएलसी म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातलं कलम ६४-अ तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनीला, तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर, खटल्यापासून संरक्षण देतं. मोठ्या प्रमाणात विकणाऱ्याला ती सवलत नाही. आणि मित्र खोलीतच दगावला असता तर चौकशी काय टळणार होती? त्या रात्री डॉक्टरांना हवं होतं एवढंच: काय घेतलं, किती, कधी.

तो आता उपचार घेतोय, मध्ये एकदा घसरला, पुन्हा आला. माझ्याकडे नियमित येतो तो मात्र लिंबूवाला. गावी गेला की वडिलांच्या घोरण्यानं दचकून उठतो आणि त्यांचे ओठ बघून येतो.