कप-बशांचा सेट पार्सलने पाठवायचा आहे, फुटू नये म्हणून कसा भरावा?

प्रत्येक नग वेगळा गुंडाळा आणि खोक्याच्या सहाही बाजूंनी निदान 5 सेंटीमीटर भरण (चुरगळलेला कागद किंवा बबल रॅप) ठेवा. खोकं आपटलं की नग आतल्या आत एकमेकांवर किंवा खोक्याच्या भिंतीवर आदळतात, आणि फूट बहुतेक तिथेच होते. बशा आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. कपाच्या पोटात कागद कोंबा, कानाभोवती जरा जास्तच. आधी तुटतो तो कानच. खोकं बंद करून हलवून बघा, आत काही सरकलं तर पुन्हा उघडून भरा. तळाच्या फटीवरही चिकटपट्टी मारा. ‘नाजूक’ची चिठ्ठी हवी तर लावा, पण तिच्या भरवशावर राहू नका. मात्र सेट जड असेल तर नुसता बबल रॅप दबून सपाट होतो. मग खोक्यात खोकं घालून मधली जागा भरावी.