पहिला पीसी जोडताय? आधी एवढं बघा

स्वतः पीसी जोडायचं ठरवलंत, फार छान केलंत. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं), वॉटर कूलिंग सध्या बाजूला ठेवा.

नवखे लोक सगळं बजेट ग्राफिक्स कार्डात घालतात आणि पॉवर सप्लाय (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) मिळेल तो घेतात. तसं करू नका. तो बिघडला तर बाकीचे पार्टही घेऊन जाऊ शकतो.

- १६ जीबी रॅमची एकच स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. कोणत्या स्लॉटमध्ये बसवायच्या, ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा.
- मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. ही चूक खूप जण करतात!

आता इंटरनेटचं. राउटर कपाटात कोंडू नका. आणि पीसी जागचा हलत नाही, त्याला वाय-फायऐवजी नेटवर्क केबलच द्या. कॅट ५ई (नेटवर्क केबलचा एक प्रकार) केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट वेग देते. माझा वेग एकदा १०० मेगाबिटवरच अडकला होता. राउटर बदलायच्या बेतात होतो, पण केबलच्या टोकाचा कनेक्टर उजेडात धरला तर एक तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. वेग असा अडकला तर आधी केबल बदलून बघा.